कुड म्हणजे ‘शकलो’? त्या व्हायरल तक्त्याला उत्तर

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता हमखास फिरतो. ‘मोडल व्हर्ब्स दहा मिनिटांत, बाकीचं व्याकरण विसरा.’ मोडल म्हणजे मुख्य क्रियापदाच्या आधी येणारी कॅन, मस्ट अशी साहाय्यक क्रियापदं. आतला मजकूर साधारण असा: कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो. मे म्हणजे परवानगी, माइट हा ‘मे’चा भूतकाळ. वुड हा ‘विल’चा भूतकाळ. मस्ट म्हणजे पाहिजे, मस्ट नॉट म्हणजे नको. आय आणि वी असेल तर शॅल, बाकी सगळ्यांना विल. नौपाड्यात शिकवणीला येणारी मुलं हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून येतात आणि ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला लागलेले त्यांचे ताई-दादा त्याच्याच भरवशावर ईमेल लिहितात. म्हणून एकदा नीट उत्तर द्यावं म्हटलं.

जे बरोबर आहे ते आधी सांगून टाकतो. तक्त्याच्या तळाशी लिहिलंय की मोडलनंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. ‘एस’ नाही, ‘टू’ नाही. एक ‘ऑट टू’ सोडला तर हे खरं आहे. ‘ही कॅन स्पीक्स’ चूक, ‘यू मस्ट टू कम’ चूक. आणि ‘यू कॅन एबल टू सी’ म्हणायचं तर कृपा करून सोडाच.

आता ‘कुड म्हणजे शकलो’. सगळ्यात जास्त नुकसान या ओळीनं केलंय. समजा तुम्ही ठाणे स्टेशनला धापा टाकत पोचलात आणि सुटता सुटता ट्रान्स-हार्बरची वाशी लोकल मिळाली. ऑफिसात जाऊन सांगितलंत, ‘टुडे आय कुड कॅच द ट्रेन.’ मराठीत ‘आज गाडी पकडू शकलो’ ठीक आहे, इंग्रजीत हे वाक्य लंगडतं. भूतकाळातला कुड अंगातली क्षमता सांगतो. ‘आय कुड स्विम व्हेन आय वॉज टेन’ म्हणजे दहाव्या वर्षी मला पोहता यायचं. एकदाच साधलेल्या गोष्टीला ‘आय वॉज एबल टू कॅच’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच’ लागतं. दिसणं, ऐकू येणं अशी क्रियापदं याला अपवाद आहेत, आणि नकारात तर ही अडचणच उरत नाही. ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ बिनदिक्कत म्हणा. पण ‘आय कुड हॅव कॉट द ट्रेन’ म्हणालात तर अर्थच उलटला. पकडू शकलो असतो, पकडली नाही.

शिवाय रोजच्या वापरातला कुड बऱ्याचदा भूतकाळाचा नसतोच. ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ यात फाइल आत्ताच हवी आहे. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणतात, ‘जरा वाटीभर साखर हवी होती.’ काल हवी होती, आज नको, असं कुणी समजतं का? मागणीची धार बोथट करायला भूतकाळाचं रूप पुढे करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुड आणि वुड विनंतीत नेमकं तेच करतात.

मात्र वुड नम्र असतो एवढंच कानावर पडलं, आणि आपल्याकडे तो जिथे तिथे पेरायची सवय लागली. महापे-रबाळ्याच्या ऑफिसांतून मेल जाते, ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो.’ परदेशातला वाचणारा अडखळतो. वुड बी, पण कशावर अवलंबून? रजा मंजूर झाली तर? रजा मंजूर आहे ना, मग सरळ विल लिहा. ‘विलचा भूतकाळ’ ही ओळ ‘ही सेड ही वुड कम’ अशा वाक्यात लागू पडते, त्यापलीकडे फारशी नाही. ‘माइट’चंही तसंच. ‘इट माइट रेन टुनाइट’ यात पाऊस आज रात्रीचा आहे.

मस्ट नॉटचा घोळ जास्त महागात पडतो. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत इंग्रजी नोटीस लागली होती: ‘मेंबर्स हू हॅव पेड मस्ट नॉट कम टू द ऑफिस.’ सेक्रेटरींना म्हणायचं होतं की मेंटेनन्स भरलेल्यांनी पावतीसाठी यायची गरज नाही. नोटीस म्हणत होती, पैसे भरलेल्यांना ऑफिसात बंदी. तिथे ‘नीड नॉट’ हवं होतं, किंवा ‘डोन्ट हॅव टू’. ‘तुम्ही यायला नको, मी आणून देतो’ यातला नको गरज नाही असं सांगतो. मस्ट नॉट म्हणजे ‘कामा नये’.

आणि तक्ता जिथे पूर्ण गप्प आहे, तिथेच खरी गंमत आहे. आपण ‘पोचला असेल’ एवढं म्हणतो आणि खात्री की नुसता अंदाज, हे आवाजावर सोडून देतो. इंग्रजीत ते मोडलमधून सांगावं लागतं. ‘ही मस्ट हॅव रीच्ड’ म्हणजे पोचलाच असणार, तसं म्हणायला आधार आहे. ‘ही शुड हॅव रीच्ड बाय नाउ’ म्हणजे वेळेच्या हिशोबानं एव्हाना पोचायला हवा. ‘ही माइट हॅव रीच्ड’ म्हणजे पोचलाही असेल, सांगता येत नाही. आणि पोचणं शक्यच नसेल तर ‘ही कान्ट हॅव रीच्ड’. चारही वाक्यं मागे घडून गेलेल्या गोष्टीबद्दलची. बदलते ती बोलणाऱ्याची खात्री. ग्राहकाला पार्सलबद्दल ‘मस्ट हॅव’ लिहिलं की ‘माइट हॅव’, यावर उद्याचा फोन शांतपणे होणार की आरडाओरड्याचा, ते ठरतं. बारावीच्या पेपरातसुद्धा मोडल ‘शक्यता’ दाखवतं की ‘बंधन’, असंच विचारतात; काळ नाही विचारत.

राहिला शॅल. आय-वीला शॅल हा नियम जॉन वॉलिस या गणितज्ञाच्या १६५३ सालच्या, लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सापडतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्याच्या बरोबर दोनशे वर्षं आधी! त्यातही तक्त्यानं अर्धाच उचललाय. वचन किंवा धमकी असेल तर हिशोब उलटा, बाकीच्यांना शॅल, हा उरलेला अर्धा गायब. आपल्या राज्यघटनेचं कलम १४ काढून बघा: ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय...’ तिथे आय नाही, वी नाही. किंवा घणसोलीतल्या भाड्याच्या घराचा लीव्ह अँड लायसन्सचा करार बघा. ‘द लायसन्सी शॅल पे’ म्हणजे भाडेकरू भरेल असं भाकीत नाही, भरावंच लागेल.

बोलण्यात ‘आय शॅल गो’ आता जुनाट वाटतं, ‘आय विल’ सगळीकडे चालतं. शॅल टिकून आहे तो प्रश्नात: ‘शॅल वी गो?’, ‘शॅल आय ओपन द विंडो?’ इथे मात्र विल घालू नका. ‘विल आय ओपन द विंडो?’ असं विचारलंत, तर समोरचा म्हणेल, उघडणार की नाही ते मला काय माहीत, मी काय ज्योतिषी आहे?