‘नो सिग्नल’ आणि सल्लागार मंडळ

संगणकाच्या इतर आजारांत एक प्रकारची सभ्यता असते. प्रिंटरमधला कागद संपला तर तसे पडद्यावर उमटते, इंटरनेट गेले तर तेही कळवले जाते आणि विंडोज पार कोसळते तेव्हासुद्धा बहुधा पडद्यावर कारणाचा सांकेतिक शब्द लिहून मगच कोसळते. पडदाच काळा पडला की मात्र तक्रारीची खिडकीच बंद होते. आमच्या घरच्या संगणकाने नेमके हेच केले. पेटीतला पंखा फिरत होता, दिवा जळत होता आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ ही दोन शब्दांची पाटी क्षणभर मिरवून झोपी जात होता. पाटी दिसते याचा अर्थ मॉनिटर धडधाकट आहे, हे माझे अनुमान घरात कोणालाही पटले नाही, कारण काळा दिसत होता तो मॉनिटरच.

सौभाग्यवतींनी सर्व वायरी काढून पुन्हा लावण्याचा सल्ला दिला. या सल्ल्याला हसू नये. निम्मी दुरुस्ती याच मार्गाने होते. तेवढ्यात मेहुणे आणि भाचा येऊन पोचले. मेहुण्यांनी मॉनिटरच्या मेनूत शिरून एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि १९८७ सालापासून चालत आलेले पंधरा पिनांचे व्हीजीए अशा सगळ्या वाटा तपासल्या. नंतर त्यांनी पेटीच्या पाठीमागे डोके घातले. चित्र तयार करणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड असूनही पुष्कळ लोक केबल मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किटपाटीच्या, खाचेत लावतात आणि मग चित्राची वाट पाहत बसतात. आमची केबल कार्डालाच लावलेली आहे हे पाहून त्यांची जी निराशा झाली, ती त्यांना लपवता आली नाही.

“मामा, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा,” भाचा म्हणाला. या चार कळांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो हे खरे. पण त्यासाठी आधी विंडोज सुरू झालेले असावे लागते. ते कळण्याची सोपी खूण म्हणजे कॅप्स लॉक. ती कळ दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा पुढे सरकलेले आहे आणि दोष चित्राच्या वाटेत आहे; दिवा ढिम्म राहिला तर यंत्र पहिल्याच पायरीवर, म्हणजे सुरू होताना स्वतःची तपासणी करतानाच, अडखळले असण्याची शक्यता मोठी. आमचा दिवा ढिम्म होता. हे मी सविस्तर समजावून सांगितले आणि भाच्याने ते शांतपणे ऐकून घेतल्यावर हार्मोनियमवर सूर धरावा तशा त्या चारही कळा दाबल्या.

या तपासणीत दोष सापडला की मदरबोर्ड शिट्ट्या वाजवून तो सांगतो, अशी जुनी रीत आहे. किती शिट्ट्यांचा अर्थ काय, हे बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलते, ती गोष्ट निराळी. पण हल्ली बऱ्याच मदरबोर्डांबरोबर तो छोटा स्पीकरच येत नाही. आमचे यंत्र कदाचित कळवळून शिट्ट्या मारतही असेल. त्याला तोंड नव्हते.

अखेर वीज तोडून झाकण उघडले. अंगातली स्थिर वीज आतल्या भागांना मारक ठरू शकते, म्हणून मी सर्वांना पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावायला सांगितला आणि हे मंडळ देवदर्शनाच्या गंभीरपणे रांगेत उभे राहिले. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर यंत्र चालू करून पाहावे, हा दुरुस्तीचा पहिला नियमही मी सांगितला. तो सांगून होईपर्यंत भाच्याने रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्ट्या उपसून त्यांची सोनेरी टोके खोडरबराने पुसायला घेतली होती आणि मेहुण्यांनी मदरबोर्डचे घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा चपटा सेल नखाने उचकटून काढला होता.

सर्व जागच्या जागी बसवून बटण दाबले. पडदा काळाच. रॅम काढून बसवली की काही मदरबोर्ड तिची नव्याने ओळख करून घेण्यात बराच वेळ घालवतात आणि या काळात बंद करण्याचा मोह आवरावा लागतो. भाच्याचे बोट बटणाकडे सरकत होते. सौभाग्यवतींनी ते मनगटासकट धरून ठेवले.

चित्र उमटले. सेल काढल्यामुळे घड्याळ मात्र काही वर्षे मागे गेले होते आणि ज्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत संगणकाच्या लेखी अजून सुरूच झालेली नव्हती, अशी संकेतस्थळे उघडायला ब्राउझर राजी होईना. मी तारीख दुरुस्त करीत असताना पाठीमागे पिता-पुत्रांत श्रेयाचा वाद पेटला. मेहुण्यांच्या मते सेल काढल्याने बायॉसची बिघडलेली मांडणी पुसली गेली, तर भाच्याच्या मते रॅमवरची घाण गेली. हा वाद निकालात काढण्याचा एकच शास्त्रीय मार्ग होता: बिघाड पुन्हा घडवून एकेक उपाय वेगळा करून पाहणे. त्याला दोघेही आनंदाने तयार झाले. मी दोघांच्या हातातले स्क्रूड्रायव्हर काढून घेतले आणि झाकणाचे स्क्रू आवळले.