‘१०० वॅटचे पिवळे फॉग लावा, धुकं फाडा’ म्हणे! जुन्या गाड्यांच्या त्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की जुन्या गाडीवाल्यांमध्ये हा मेसेज हमखास फिरायला लागतो, यंदाही आलाच. लांबलचक आहे, मथितार्थ असा: "फियाट, अँबेसिडर, हेराल्डला रात्री घाटात दिसत नाही? पुढे १०० वॅटचे दोन पिवळे फॉग (धुक्यासाठीचे लाइट) आणि दोन ड्रायव्हिंग लाइट लावा. पिवळा प्रकाश धुकं फाडून आरपार जातो. जितके उंच लावाल तितकं लांबचं दिसेल. रिले-बिले दुकानदारांची नाटकं आहेत, हेडलाइटच्या वायरीला सरळ टॅप मारा, अर्थ (करंटची बॉडीतून परतीची वाट) बंपरला मिळतोच. नाहीतर एलईडी टाका, विषय संपला. पोलीस जुन्या गाडीला अडवत नाहीत." खाली हात जोडलेले इमोजी आणि "प्रत्येक क्लासिकवाल्यापर्यंत पोचवा".

प्लीज पोचवू नका. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे आणि दोन-तीन तर गाडीला आग लावायच्या लायकीचे आहेत.

आधी पिवळा रंग, कारण तो सगळ्यांचा लाडका. शाळेतलं विज्ञान सोबत घेऊन येतो म्हणून पटकन पटतोही: आकाश निळं दिसतं कारण निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणजे पिवळा कमी विखुरणार, म्हणजे तो धुक्यातून पुढे जाणार. आता आकाशाचं खरंय, पण ते हवेच्या रेणूंमुळे, जे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात. धुक्याचा थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचा असतो आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, त्यामुळे एवढा मोठा थेंब रंगबिंग बघत बसत नाही, निळा असो पिवळा असो सगळ्यांना जवळपास सारखंच उधळतो. पुरावा हवा असेल तर धुक्याकडेच बघा की, पांढरं दिसतं ना? निळ्याला वेगळी वागणूक देत असतं तर निळसर दिसलं असतं. आणि जुलैत आंबोलीला किंवा ताम्हिणीत आपण ज्याला धुकं म्हणतो तो तर रस्त्यावर उतरलेला ढगच असतो, तिथे पिवळ्याची काय मिजास.

यावर "फ्रान्समध्ये कायदाच होता" असं उत्तर येतंच. हो, होता, १९३० च्या दशकाच्या शेवटापासून १९९३ पर्यंत तिथे हेडलाइट पिवळेच असायचे. पण त्या पिवळ्यात निळा-जांभळा भाग गाळलेला असतो आणि तो गेला की चमक डोळ्याला कमी टोचते, असा तो सगळा हिशोब. काही जणांना खरंच बरं वाटतं, विशेषतः पावसात. बदल्यात काच थोडा प्रकाश खाते. तेव्हा पिवळी काच लावायची तर खुशाल लावा, जुन्या फियाटच्या तोंडावर ती दिसतेही झकास, फक्त ‘आरपार’ वगैरे डोक्यातून काढा.

धुक्यात कामाला येतो तो बीमचा आकार आणि लाइटची उंची, आणि मेसेज नेमका तिथेच उलटा सल्ला देतो. "उंच लावा, लांबचं दिसेल." अहो, धुक्यात लांबचं दिसणारच नाहीये, कुठलाही लाइट लावा. समोरचे थेंब उजळतात आणि तो उजेड परत आपल्याच डोळ्यात येतो, हाय बीम मारला की पांढरी भिंत उभी राहते ती याचमुळे. म्हणून चांगल्या फॉग लँपचा बीम रुंद आणि चपटा असतो, वरची कड सुरीने कापल्यासारखी, त्या कडेच्या वर उजेड जवळजवळ नाहीच. असा लँप खाली, बंपरच्या आसपास किंवा त्याखाली लावला की उजळलेल्या थेंबांचा थर आपल्या नजरेच्या रेषेखाली राहतो आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा, कठड्याचे दगड दिसत राहतात. युरोपच्या नियमात कारसाठी पुढच्या फॉगची उंची जमिनीपासून २५० ते ८०० मिमी ठेवलीय ती उगाच नाही. टपावर लावलेला लाइट धुक्यात सगळ्यात वाईट, उजेडाचा पट्टा बरोबर डोळ्यांसमोरून जातो. रॅलीच्या गाड्यांचे फोटो बघून लोक फसतात.

ड्रायव्हिंग लाइट हे निराळंच प्रकरण. त्यांचा बीम अरुंद आणि लांब पल्ल्याचा, ते फक्त हाय बीमबरोबर, मोकळ्या रस्त्यावर, समोर कोणी नसताना वापरायचे. धुक्यात त्यांचा उपयोग शून्य, उलट त्रास. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या ५७६ मालिकेत एकाच आकाराच्या डब्यात फॉगही यायचा आणि लाँग रेंजही, त्यामुळे जुन्या बाजारात जोडी म्हणून एक फॉग आणि एक लाँग रेंज गळ्यात मारतात, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फॉगच्या काचेवर उभ्या रेघा दाट असतात, प्रकाश आडवा पसरवायला, आणि लाँग रेंजची काच बऱ्यापैकी साफ असते. कुर्ल्याला किंवा नाना पेठेत घ्यायला गेलात तर बॅटरीला लावून भिंतीवर बीम बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

अँगल लावायचा तर गाडी सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा, फॉगच्या बीमची वरची कड लँपच्या मध्यापेक्षा ४ इंच खाली पडली पाहिजे. आणि हे करताना मागे माणसं बसवा, डिकीत सामान टाका. फियाट काय अँबेसिडर काय, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, ते पन्नास वर्षांत दमलेले असतात, तीन जण मागे बसले की बूड खाली जातं आणि रिकाम्या गाडीत सेट केलेले लाइट आभाळ दाखवायला लागतात.

आता वायरिंग, इथे मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण "सरळ टॅप मारा" हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट बॅटरीपासून निघून डॅशबोर्डमागे येतो, लाइटच्या स्विचमधून जातो, तिथून डिपरमध्ये (हाय-लो बीम बदलायचा स्विच, अँबेसिडरमध्ये तो पायाखाली, जिथे पावसाळ्यात चपलेचं पाणी गळतं), आणि मग पुढे लँपला. सगळा करंट त्या जुन्या स्विचच्या कॉन्टॅक्टमधून. समजा वायर १ चौरस मिमीची आणि जायचा रस्ता ४ मीटरचा, तर नव्या कोऱ्या तांब्याचाही रेझिस्टन्स साधारण ०.०७ ओहम. हाय बीमचे दोन ६० वॅट म्हणजे १० अँपिअर, त्यावर टॅप मारून १०० वॅटचे दोन ड्रायव्हिंग म्हणजे आणखी १६-१७, एकूण २६ च्या पुढे. २६ गुणिले ०.०७, म्हणजे १.८ व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरीला १२.८ असतील तर लँपला पोचले ११. आता वाईट बातमी अशी की फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने पडतो, त्यामुळे १४ टक्के व्होल्टेज गेलं की उजेड ४० टक्के गेला. एवढा खर्च करून नवे लाइटही मिणमिणते आणि आधीचे हेडलाइटही मंद. वर ते गेलेले पावणेदोन व्होल्ट गुणिले २६ अँपिअर, म्हणजे पंचेचाळीसेक वॅट, उष्णता होऊन वायरीत आणि स्विचमध्ये बसतात, डॅशबोर्डमागे सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखं. आणि हा हिशोब नव्या तांब्याचा झाला हां, आपल्या गाडीत जागोजागी जोड असतात, बुलेट कनेक्टरवर हिरवं कीट चढलेलं असतं.

पटत नसेल तर मोजून बघा. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, हाय बीम चालू करा, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा हेडलाइटच्या मागे बल्बच्या प्लसवर. जो आकडा दिसेल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्धा व्होल्टच्या आत असेल तर छान, एकाच्या वर गेला तर नवे लाइट घ्यायच्या आधी ते पैसे वायरिंगवर घाला.

रिले म्हणजे नाटक नाही, दीड-दोनशे मिलीअँपिअरवर चालणारा स्विच आहे, जुन्या स्विचला एवढंच वजन उचलावं लागतं. चार पाय, त्यावर नंबर छापलेले असतात: ३० ला बॅटरीवरून थेट जाड वायर, ८७ वरून लँपला, ८६ ला स्विचची वायर, ८५ अर्थ. ५५ वॅटच्या जोडीला ९ अँपिअर लागतात, २.५ चौरस मिमीची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, पण फ्यूज बॅटरीजवळ हवा, लँपजवळ नाही, कारण वायर वाटेत कुठेही घासून बॉडीला लागू शकते. ड्रायव्हिंग लाइटच्या रिलेचा ८६ हाय बीमवरून घ्या म्हणजे डिपर मारला की ते आपोआप बंद. फॉगचा स्वतंत्र स्विच, पार्किंग लाइटच्या फीडवरून. आणि खरं सांगायचं तर पहिला रिले आहे त्या हेडलाइटलाच लावा, पुष्कळांचं काम तिथेच भागतं, एक्स्ट्रा लाइट लागतच नाहीत.

"अर्थ बंपरला मिळतोच." मिळतो, गाडी नवी कोरी असताना. आपल्याकडे बंपर, मग गंजलेला ब्रॅकेट, मग रंग मारलेली चॅसी, त्यातून परतीचा करंट जाणार. वेगळी अर्थची वायर ओढा, खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टवर. बंपरला भोक तर मुळीच पाडू नका, क्रोम फुटलं की तिथून गंज सुरू, आणि चांगला बंपर आता मिळत नाही. बंपरच्या बोल्टवरच बसेल असा ब्रॅकेट कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो. मोठे लँप ग्रिलसमोर नकोत, ७ इंची दोन लँप रेडिएटरची बरीच हवा अडवतात, आणि घाटात पाणी उकळणाऱ्या गाड्या त्याशिवायही कमी नाहीत.

१०० वॅटवाल्यांनी डायनॅमोचाही, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या जनरेटरचाही, विचार करावा. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांवर सर्रास असणारा लुकासचा सी ४० घ्या, जास्तीत जास्त २२ अँपिअर, तेही इंजिन चांगलं फिरत असताना, आयडलवर तर चार्जिंगचा लाल दिवा डोळे मिचकावतो. लो बीम, टेल, मीटर, इग्निशन कॉइल, वायपर धरले की १७-१८ तिथेच संपले. त्यावर मेसेजमधले चार लाइट, ४०० वॅट, म्हणजे ३३ अँपिअर! तासाभरात बॅटरी झोपेल आणि तुम्ही वरंधा घाटात टॉर्च शोधत बसाल. ५५ वॅटचे फॉगही डायनॅमोवर जेमतेमच, उतारावर गिअरमध्ये उतरलात तर निभतं. डायनॅमोच्या जागी जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसवला असेल तर प्रश्न बराच सुटतो, तरी १०० वॅटच्या उष्णतेने जुना रिफ्लेक्टर काळवंडतो आणि डबक्यातलं गार पाणी तापलेल्या काचेवर उडालं की काच तडकते, ते वेगळंच.

एलईडीने करंट वाचतो, खरंय. पण हॅलोजनच्या लँपमध्ये एलईडी बल्ब खुपसला की प्रकाश निघायची जागा बदलते, ती कापलेली कड विस्कटते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात. शिवाय काही जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला) आहेत, साध्या बल्बला उलटसुलट काही फरक पडत नाही, एलईडीला पडतो. फॉग म्हणूनच बनवलेला, स्वतःच्या लेन्ससकट येणारा पूर्ण एलईडी लँप असेल तर वापरा, गाडीवर कसा दिसतो ते तुमचं तुम्ही बघा, मला नाही आवडत.

पोलिसांचं काय, ते सेल्फी काढतातही कधीकधी. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १११ वा नियम पुढे स्पॉट किंवा सर्च लाइट लावायला मनाई करतो, अपवाद फक्त नोंदणी अधिकाऱ्याच्या आगाऊ परवानगीने, आणि १०६ वा सांगतो की पुढचा बीम कायम खाली झुकलेला किंवा ड्रायव्हरला खाली वळवता येणारा हवा, ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला दिपवता कामा नये. गाडी कुठल्या साली जन्मली हे त्यात कुठेही विचारलेलं नाही.

मेसेजमध्ये जे नाहीच त्याबद्दल जास्त बोलायला हवं होतं. धुक्यात आपल्याला पुढचं दिसत नाही तसं मागच्या ट्रकला आपणही दिसत नाही, आणि जुन्या फियाटचे टेल लाइट म्हणजे ५ वॅटचे बल्ब, तेही मळकट लाल प्लास्टिकमागे. पुढे हजारोंचे लाइट लावणारे लोक मागे काहीच करत नाहीत. २१ वॅटचा एक लाल रिअर फॉग, बंपरखाली उजव्या बाजूला, ब्रेक लाइटपासून निदान १० सेंमी लांब, म्हणजे ब्रेक मारल्याचं वेगळं कळतं. फीड पुढच्या फॉगच्या स्विचनंतर घ्या आणि डॅशबोर्डवर एक छोटा पिवळा दिवा जोडा, कारण धुकं संपल्यावर हा बंद करायला सगळे विसरतात आणि मागचा बिचारा चौकुळ फाट्यापासून सावंतवाडीपर्यंत शिव्या घालत येतो.