निमित्त नसताना नागपूर

पुण्या-मुंबईत नोकरीसाठी स्थायिक झालेल्या आम्हा नागपूरकरांची घरी जाण्याची एक ठरलेली रीत होऊन बसली आहे. दिवाळी, जवळच्या नात्यातील लग्न, कुणाचे आजारपण किंवा कुणाचे तेरावे, एवढ्याच कारणांनी आपण गावी जातो. एखाद्या साध्या शुक्रवारी कार्यालयातून लवकर निघून स्टेशन गाठायचे म्हटले, तर सहकारी काळजीच्या सुरात विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?" हे मला मनापासून खटकते. कोणतेही कार्य नसताना, केवळ दोन दिवस आई-वडिलांजवळ आणि मित्रांजवळ असावे म्हणून गावी जाणे ही आवर्जून करण्याची गोष्ट आहे आणि सणासुदीच्या भेटींनी तिची भरपाई होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

लग्नघरी आपण किती जणांना भेटतो आणि त्यातल्या किती जणांशी खरोखर बोलतो? मामा आहेराच्या गडबडीत असतात, आईला स्वयंपाक्याकडे बघायचे असते, मित्र जेवणाच्या पंगतीपुरता येतो आणि "निवांत बसू रे कधीतरी" म्हणून निघून जातो. दिवाळीचेही तेच. सणाच्या दिवशी घर आवरलेले असते, आई-वडील नव्या कपड्यांत असतात, दुखणीखुपणी चार दिवस मागे सारलेली असतात आणि सगळे उत्तम चालले आहे असे समजून आपण परततो. घर रोज कसे चालते हे पाहायचे असेल, तर ज्या शनिवारी काहीच नाही, असा शनिवार निवडावा लागतो.

अंतराची सबब मी हलक्यात घेत नाही. पुणे-नागपूर हा रेल्वेने पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आहे, ज्यांचा शनिवार कामाचा असतो त्यांना तो जमणे अवघड आहे आणि विमानाचे तिकीट वारंवार परवडण्यासारखे नसते. तरीही सोयी वाढल्या आहेत, हे मान्य करावे लागेल. सातशे एक किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला आहे, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अजनी-पुणे वंदे भारतही धावते आहे. ती मात्र दिवसाची गाडी असल्याने जवळजवळ बारा तास प्रवासातच जातात, त्यामुळे दोन दिवसांच्या भेटीसाठी मला रात्रीची गाडीच अधिक पटते. संध्याकाळी पुण्यात बसावे आणि सकाळी बडनेरा, पुलगाव, वर्धा मागे टाकत घरच्या चहाच्या वेळेला पोहोचावे. आठवडाभर काम करून रात्री स्वतः गाडी चालवत निघण्याचा विचार मात्र कुणी करू नये. त्या रात्री घरातली दोन माणसे डोळ्याला डोळा न लावता बसलेली असतात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. दिवाळीच्या तिकिटासाठी आपण सकाळी आठच्या ठोक्याला फोन हातात धरून बसतो, तीच तत्परता ऑगस्टमधल्या एखाद्या बिनकामाच्या शनिवारसाठी दाखवली, तर तिकीट बहुधा सहज मिळते.

आता साध्या शनिवारी काय दिसते ते सांगतो. मार्चमध्ये गेलो होतो तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातील वरच्या फळीवरचे डबे खाली आलेले होते. तिखट, हळद, धने, बेसन, ज्या डब्यांची जागा माझ्या लहानपणापासून ठरलेली होती, ते सगळे ओट्यावर भिंतीला लागून ओळीने मांडलेले होते आणि वरची फळी रिकामी होती. आईला मी काही विचारले नाही. ती कणीक मळत असताना तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे थोड्या वेळाने माझ्याच लक्षात आले. फोनवर रोज बोलणे होते, पण त्यात हे कधीच आले नव्हते, कारण तिच्या मते त्यात सांगण्यासारखे काही नव्हतेच. दिवाळीच्या साफसफाईत डबे पुन्हा वर गेले असते आणि मला काहीही कळले नसते. अंगणात बाबा कूलरच्या जाळ्यांतला जुना वाळा काढत होते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे होळी झाली की हे काम टाळता येत नाही. पण आता ते एक जाळी भरून झाली की खुर्चीवर बसतात आणि बऱ्याच वेळाने दुसरी हातात घेतात. त्या दिवशी उरलेल्या जाळ्या आम्ही दोघांनी मिळून भरल्या आणि भरता भरता त्यांनी स्वतःहून रक्तदाबाच्या बदललेल्या गोळीविषयी सांगितले. समोर बसून तब्येतीची चौकशी केली असती, तर "मला काय धाड भरली आहे" एवढेच उत्तर मिळाले असते, याची मला खात्री आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. दोन दिवसांसाठी जाणाऱ्या मुलामुलींनी घर दुरुस्त करण्याचा सपाटा लावू नये. आल्या आल्या जुना मिक्सर बदल, पलंगाची जागा हलव, नवा फोन आण, असे केले की आई-वडिलांचे दोन दिवस आपल्यामागे धावण्यात जातात आणि आपण गेल्यावर त्यांना त्यांच्याच घरात वस्तू शोधाव्या लागतात. फोनवर "काय करून ठेवू?" असे आईने विचारले, की "रोजचंच कर" असे सांगावे आणि त्यावर ठाम राहावे. मी त्या दुपारी आईला मेट्रोने बर्डीवर नेले. शंकरनगर चौकातून सीताबर्डीला जायला वेळ असा लागतच नाही, तरी तिला उलट्या दिशेने सुभाषनगरपर्यंत जाऊन यायचे होते, कारण त्या बाजूला गाडीतून अंबाझरीचे पाणी दिसते. आम्ही तसे जाऊन आलो. त्यात काम कोणतेच नव्हते आणि तेच तर हवे होते.

मित्रांविषयी मला याहूनही अधिक आग्रहाने लिहायचे आहे. आपण बाहेर पडलो, काही जण नागपुरातच राहिले, आणि आपल्या घरांचा भार त्यांनी न बोलता उचलला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, ऐन गणपतीत, अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचे पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांत शिरले आणि झोपेत असलेल्या माणसांना घरातून बाहेर काढावे लागले. बाहेरगावी असलेले आम्ही सगळे त्या सकाळी केवळ फोन लावत होतो. आमच्या घरापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत पोहोचला तो माझा शाळेतला मित्र. "काकू-काका ठीक आहेत, तू टेन्शन नको घेऊ बे," एवढे सांगून त्याने फोन ठेवला, कारण त्याला आणखी दोन घरी जायचे होते आणि त्या घरांची मुलेही बाहेरगावीच होती.

अशा मित्राला हॉटेलात जेवायला बोलावून भेट उरकणे मला बरे वाटत नाही. त्याचे गांधीबागेत कापडाचे दुकान आहे आणि शनिवार हा त्याच्या धंद्याचा दिवस असतो. तेव्हा मीच दुकानात जाऊन बसतो. गिऱ्हाईक आले की बोलणे थांबते, गेले की पुढे चालू होते, दुपारी त्याचा डबा दोघांत होतो. मुलीच्या प्रवेशाची चिंता, उधारीत अडकलेले पैसे, वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन, हे सारे त्या अर्धवट तुटणाऱ्या बोलण्यातून कळते. हॉटेलच्या टेबलावर जुन्या आठवणींचीच उजळणी होते आणि आज त्याचे काय चालले आहे हे विचारायचे राहून जाते. रविवारी सकाळी तर्रीपोहे खायला सगळे मित्र जमतात ते वेगळे, त्याचा आनंद आहेच. पण ते दुकानात बसण्याऐवजी नसावे.

या सगळ्यात खरी अडचण नातेवाइकांची आहे. नागपुरात बातमी लपत नाही. महालातल्या आत्याला, मानेवाड्याच्या काकांना आणि प्रतापनगरच्या मावशीला रविवारी दुपारपर्यंत कळलेले असते आणि "येऊन गेला म्हणे, आमच्याकडे फिरकला नाही" हे वाक्य वर्षभर पुरते. त्या भीतीने अनेक जण दोन दिवस या घरून त्या घरी चहा पीत फिरतात आणि स्वतःच्या घरी केवळ झोपायला येतात. काही जण तर या धास्तीपोटीच येणे टाळतात. मी एक मार्ग काढला आहे. एका खेपेला एकाच नातेवाइकाकडे जायचे, बाकीच्यांना नागपुरात पोहोचल्यावर स्वतःहून फोन करून आल्याचे सांगायचे आणि पुढच्या वेळी कुणाकडे येणार तेही तिथेच बोलायचे. आत्या पहिल्यांदा रागावली होती, आता ती स्वतःच विचारते, "या वेळी कोणाचा नंबर?"

म्हणून माझी एक विनंती नागपुरात राहणाऱ्या थोरामोठ्यांनाही आहे. कुणाचा मुलगा किंवा मुलगी दोन दिवस येऊन गेल्याचे कळले, तर आपल्याकडे का आले नाही याचा हिशेब त्यांच्या आई-वडिलांकडे मागू नका, आणि "काही काम होतं का?" असेही विचारू नका.