चिठ्ठीवरचं साल चुकलं, निळी बाटली मात्र खरी जुनी आहे

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की भंगारातल्या दोन बाटल्या आम्ही २,६०० रुपयांना तुमच्या गळ्यात मारल्या. निळीचं तोंड वाकडं आणि काचेत बुडबुडे, म्हणजे नापास माल. पांढरी कितीही घासली तरी धुरकटच, वर कसलासा कागद चिकटलेला. चिठ्ठीवरचं १८९० साल खोटं. आणि फोन केला तर ‘जुना माल परत होत नाही’ असं ऐकावं लागलं. काल रात्री दुकान बंद केल्यावर तुमचे फोटो मोठे करून पाहिले.

आधी आमची चूक. पांढऱ्या बाटलीच्या दुसऱ्या फोटोत साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, अंगावरून चढत थेट तोंडाच्या कडेवर गेलेली दिसते. अशी शिवण म्हणजे बाटली यंत्रावरची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सनं बाटल्यांचं स्वयंचलित यंत्र चालू केलं तेच १९०३ च्या सुमारास, तेव्हा १८९० बसतच नाही. त्यात माझा मुलगा तुम्हाला ‘तळेगावची असेल’ म्हणाला. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिला, तो १९०८ साली. म्हणजे मुलगा बरोबर असेल तर चिठ्ठी चूक, आणि चिठ्ठी बरोबर असेल तर मुलगा. बुडाला कुणाचंच नाव नसताना दोन्ही बोलायला नको होतं. चिठ्ठी ज्याच्याकडून माल घेतला त्याची होती, पण आम्ही ती न तपासता तशीच राहू दिली. दोष आमचाच.

निळीबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही. ती उजेडात धरा. शिवण गळ्यात मध्येच विरते, तोंडापर्यंत पोचत नाही. अंग साच्यात फुंकलं आणि तोंड कारागिरानं नंतर, काच गरम असताना, हत्यार फिरवून केलं. त्या फिरवण्याच्याच बारीक आडव्या रेघा गळ्याला आहेत आणि कड एका बाजूला जाड झाली आहे. तुम्हाला जो दोष वाटला त्यावरूनच ती हातची आहे हे कळतं. आता डोळे मिटून तिच्या उभ्या कंगोऱ्यांवरून बोट फिरवा. विलायतेत विषारी औषधांच्या बाटल्या अशा निळ्या, हिरव्या आणि कंगोऱ्यांच्या करत, अंधारात कपाटात हात गेला तरी बोटांना कळावं म्हणून. ‘नॉट टू बी टेकन’, म्हणजे पोटात घेऊ नये, ही उठावाची अक्षरं त्यासाठीच. मनी प्लांट खुशाल लावा, पण पिण्याचं काही तिच्यात भरू नका.

पांढरीचा धुरकटपणा हा मळ नाही. वर्षानुवर्षं ओल लागली की काचेतला क्षार निघून जातो आणि वरचा थरच खराब होतो. व्हिनेगर, लिंबू, राख, कशानंही तो जात नाही. बाजारात अशा बाटलीला आतून तेलाचा हात देतात, मग काही दिवस ती चकचकीत दिसते. आम्ही ते करत नाही. पण काच अशी का आहे हे विकतानाच सांगायला हवं होतं.

आणि तो कागद. ताई, तो काढू नका. फोटोत तो अजून जागेवर दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला. त्याच्या कडेचे काप मोजा, सहा आहेत. ती डोसाची पट्टी आहे. कंपाउंडर कागदाची घडी घालून कात्रीनं कोपरे उडवायचा आणि खळ लावून पट्टी बाटलीवर चिकटवायचा. एक काप, एक डोस. आजीच्या औषधासाठी घरची बाटली घेऊन मी लहानपणी दवाखान्याच्या रांगेत कितीदा उभा राहिलोय. निघण्याआधी आई जुनी पट्टी भिजवून नखानं खरवडून काढायची, कारण तिथे नवी लागायची. म्हणून अशा बाटल्या ढिगानं मिळतात, पट्टीसकट फार क्वचित. तुमच्या १,१०० रुपयांतले बरेचसे त्या पट्टीचे होते, आणि नेमकं हेच तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

फोनवर मीच होतो. दुकानात गर्दी होती, तुमचं पूर्ण न ऐकता बोललो. माफ करा. परत न घेण्याचा नियम घरी नेऊन फुटलेल्या मालासाठी आहे, आमच्या चुकीच्या चिठ्ठीसाठी नाही. पांढरी आणा, १,१०० रुपये पूर्ण देतो, पावती नसली तरी चालेल. एवढं वाचूनही निळी नकोशी वाटली तर तिचेही १,५०० देईन. दुकानातल्या सालाच्या सगळ्या चिठ्ठ्या आज सकाळी काढल्या. आता प्रत्येक बाटलीची शिवण आणि बूड स्वतः बघून, खात्री असेल तिथेच काळ लिहीन.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. येताना बाटली कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि पट्टीच्या बाजूला ओला हात लागू देऊ नका.