धंदा ‘रक्तात’ असतो, या दाव्याबद्दल

‘धंदा रक्तातच असावा लागतो, मराठी माणसाच्या रक्तात तो नाही, आणि सरकारने काहीही केले तरी लोकांची उद्योगाकडे पाहण्याची नजर बदलत नाही,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातील एकही विधान तपासणीत टिकत नाही.

रक्ताची गोष्ट आधी पाहू. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना कोठे न्यावा या विवंचनेत असताना औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचे माळरान आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. उद्योजक तोच होता. फरक राज्यकर्त्यांत होता.

सरकार फार तर भांडवल देईल, समाजाची नजर कशी बदलेल, असेही विचारले जाते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून महाराज आपली गाडी भर रस्त्यात त्या हॉटेलसमोर उभी करवीत, तिथला चहा स्वतः पीत आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावीत. माझ्या मते कोणत्याही कर्जयोजनेपेक्षा तो एक कप मोलाचा होता, कारण तो सर्वांच्या देखत उचलला गेला.

सरकारचा प्रभाव वाईट दिशेनेही पडतो. 1951च्या उद्योग कायद्यानंतर परवान्याशिवाय मोठा कारखाना काढता येत नसे, आणि साध्या स्कूटरसाठीही लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. कारखानदार म्हणजे दिल्लीत वजन असलेला माणूस, हा समज त्या काळात घट्ट झाला. 1991 साली बहुतेक परवाने रद्द झाले, तरी तो पुरता गेलेला नाही.

राहिला योजनांचा मुद्दा. 2015 साली मुद्रा कर्ज आले, तरी मुले स्पर्धा परीक्षांच्याच मागे आहेत, हे खरे आहे. पण लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे, असे 2006चा कायदा सांगत असताना एका सरकारी खात्याकडे अडकलेल्या बिलासाठी माझ्या ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्याने आठ महिने खेटे घातले, आणि त्याच वर्षी मुलाला एमपीएससीच्या क्लासला घातले.