हौसेचं गोंदण? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गोंदणावरच्या माझ्या लेखावर तुम्ही पाठवलेल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला आठवडा लागला. गोंदणाला मी त्यात कला आणि हौस म्हटलं होतं. तुमच्या प्रतिक्रियेतला एक मुद्दा मला मान्य नाही, आणि दुसरा मान्य करायचा तर माझाच लेख दुरुस्त करावा लागतो. 'टॅटू ही मुळात गुन्हेगारांवर आणि गुलामांवर उमटवलेली खूण. जपानमध्ये आजही टॅटूवाल्याला गरम झऱ्यांच्या स्नानगृहात घेत नाहीत. तुम्ही उगाच तिला कला म्हणून मिरवता,' हा पहिला. दुसरा तुमच्या आजीचा. नऊ वर्षांची असताना तिला तिघी बायकांनी धरून ठेवलं आणि गोंदणारणीनं कोपरापर्यंत हात गोंदला. 'हौस' हा माझा शब्द तिला ऐकवलाच नसता, असं तुम्ही लिहिलंत.

आधी पहिला. त्यातला 'मुळात' हा शब्द टिकत नाही. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला 'ओत्झी' नावाचा गोठलेला मृतदेह सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ खुणा मोजल्यात. बहुतेक नुसत्या समांतर रेघा, कंबरेवर, गुडघ्याजवळ, घोट्यांपाशी. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी त्याचे सांधे झिजलेले आहेत, म्हणून हा दुखण्यावरचा उपाय असावा असं अनेक अभ्यासक मानतात. शिक्षेची खूण चारचौघांना दिसावी म्हणून करतात. ती कंबरेवर, कपड्याआड कोण करील?

जपानबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. तिथे गोंदण्याची शिक्षा खरोखरच होती. १७२० साली, शोगुन (लष्करी राज्यकर्ता) योशिमुनेच्या काळात, नाक-कान कापण्याऐवजी ती सुरू झाली. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, चोराच्या हातावर कोपराखाली दोन पट्टे गोंदत. पण त्याच एदोत आग विझवणारे आणि पालखीचे भोई स्वतः पैसे मोजून पाठभर गोंदवून घेत होते. ड्रॅगन हा तिथे पाण्याचा देव, म्हणून आगीशी झुंजणाऱ्यांना तो पाठीवर हवा असे. १८२७ च्या सुमाराला कुनियोशी या चित्रकारानं एका चिनी कादंबरीतल्या बंडखोर वीरांचे छाप काढले. त्यातल्या कित्येकांची अंगं त्यानं गोंदणानं भरून टाकली आणि शहरात त्या नक्षीचं वेडच पसरलं. शिक्षेचे पट्टे वागवणारे काहीजण त्यावरच मोठी नक्षी काढून ते झाकून टाकत. शिक्षेची खूण मिटवायला तीच सुई कामी आली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत हेलावणारं वाटतं.

मग १८७२ साली शोगुनांनंतर आलेल्या मेजी सम्राटाच्या सरकारनं गोंदण्यावरच बंदी घातली. पाश्चात्त्य आपल्याला रानटी म्हणतील ही धास्ती त्यामागे होती. आणि १८८१ साली ब्रिटनचा राजपुत्र जॉर्ज, पुढे जो पाचवा जॉर्ज झाला, तो जपानला आला आणि हातावर ड्रॅगन गोंदवून गेला! बंदी उठली १९४८ साली. मधली ७६ वर्षं जपानी गिऱ्हाइकांचं काम बंद दाराआड चाललं आणि गोंदण म्हणजे याकुझा, म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्या, हे समीकरण घट्ट झालं. स्नानगृहांच्या दारावरच्या पाट्यांचं मूळ इथे आहे.

आपल्याकडेही कंपनी सरकारनं बंगालमध्ये १७९७ च्या नियमानं जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायला सुरुवात केली. १८४९ साली ते थांबलं. या शिक्षेला नाव होतं 'गोदना'. बायकांच्या अंगावरच्या नक्षीचाच तो शब्द, सरकारनं उचललेला.

आता तुमची आजी. उत्तर जपानच्या होक्काइदो बेटावरच्या मूळ रहिवासी ऐनू लोकांतल्या बायका ओठांभोवती गोंदत. बर्चच्या सालीची काजळी, बारीक सुरीचे चरे. लहान वयात सुरू झालेलं हे काम लग्नापर्यंत थोडं थोडं पुरं होई. १८७१ साली जपानी अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केली. माझ्या लेखात मी एवढं लिहून बंदी घालणाऱ्यांना दोष दिला आणि पुढे गेलो. तो दोष आजही देतो. २०१३ साली होक्काइदोतच, आदिवासी भाषांच्या परिषदेला आलेल्या न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या ता मोकोमुळे, म्हणजे माओरींच्या पारंपरिक गोंदणामुळे, स्नानगृहात प्रवेश नाकारला, त्याची पाळंमुळं त्याच काळात आहेत. पण बंदीआधीच्या त्या ऐनू मुलीला तरी कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला घातला नाही. तुमच्या आजीच्या निमित्तानं तो तुम्ही घातलात.

'मेल्यावर बाईसोबत गोंदणच जातं' हे बायकांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य मला इतकं भावलं, की त्याआधीचं धरून ठेवणं मी पाहिलंच नाही. पुढे काहीजणींना त्याच गोंदणाचा अभिमान वाटला असेल, तोही खोटा नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या रडण्याला हौस म्हणणं चूक होतं. 'हौस' म्हणणारं ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

त्या जागी तुमच्या आजीची हकिकत, नाव न घालता, देऊ का? आणि तिच्या हातावर काय होतं, तुळस, कोयरी की नुसते ठिपके, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आठवत असेल तर कळवा.