‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण केल्याने रॅम वाढत नाही, उलट घटू शकते

कोल्हापुरातील छपाई व्यावसायिकांच्या आणि उद्यमनगरातील कारखानदारांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश वारंवार पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: संगणकात ८ जीबी रॅम असूनही ‘५.९ जीबी यूजेबल’ (वापरता येण्याजोगी) दिसत असेल, तर दुकानदाराने बनावट रॅम दिली आहे किंवा विंडोजने ती अडवून ठेवली आहे. उपाय म्हणून एमएसकॉन्फिग (विंडोजच्या सुरुवातीची मांडणी बदलण्याचे साधन) उघडावे, बूट विभागातील ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण करून पूर्ण रॅमचा आकडा भरावा, आणि तरीही फरक न पडल्यास रॅम साफ करणारे सॉफ्टवेअर बसवावे. या संदेशामुळे चांगले चालणारे संगणक बिघडत आहेत आणि प्रामाणिक दुकानदारांवर निष्कारण संशय घेतला जात आहे, म्हणून त्यातील दावे तपासणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक भाग ‘मॅक्झिमम मेमरी’चा आहे. ही सोय मेमरी वाढवण्यासाठी नसून कमी करण्यासाठी आहे: कमी रॅममध्ये आपला प्रोग्राम किंवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) कसा चालतो हे पाहण्यासाठी तो लिहिणारे लोक तिचा उपयोग करतात. खूण नसेल तेव्हा विंडोज मिळेल तेवढी सर्व मेमरी घेते. खूण करून आकडा भरला की त्या पत्त्याच्या वरची मेमरी विंडोज सोडून देते, आणि येथे ‘पत्ता’, म्हणजे मेमरीतील प्रत्येक जागेला दिलेला क्रमांक, हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या ४ जीबी पत्त्यांपैकी वरचा काही भाग ग्राफिक्स, नेटवर्क अशा उपकरणांसाठी राखलेला असतो. त्या जागेवरची रॅम वाया जाऊ नये म्हणून मदरबोर्ड तिला पुढचे पत्ते देतो. त्यामुळे ८ जीबीच्या संगणकातील काही रॅम ८ जीबीच्या पत्त्यापलीकडे असते, आणि कोणी भक्तिभावाने ८१९२ (८ जीबीचे एमबी) हा आकडा भरला तर नेमकी तीच रॅम हातची जाते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या वापरकर्त्यांना दिलेल्या सूचनेतही ही खूण काढून टाकण्यास सांगितले आहे. ज्यांनी खूण केली असेल त्यांनी ती काढून संगणक पुन्हा सुरू करावा. फार लहान आकडा भरल्यामुळे विंडोज सुरूच होत नसेल, तर रिकव्हरीतील (विंडोज दुरुस्तीच्या सोयीतील) कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, ती मर्यादा हटवावी लागते. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

आता बनावट रॅमच्या आरोपाकडे वळू. वेगळा शिक्का मारलेली रॅम बाजारात असते हे खरे, परंतु ‘५.९ जीबी यूजेबल’ हा आकडा तिचा पुरावा होऊ शकत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात चित्र दाखवणारा भाग मुख्य रॅममधूनच आपला वाटा घेतो, आणि एएमडी रायझेन प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये हा वाटा सुमारे २ जीबी असतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात ‘मेमरी’ निवडल्यास खाली ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ या नावाने तो दिसतो. काही संगणकांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ मांडणीत) हा वाटा कमी करता येतो, अनेक लॅपटॉपमध्ये ती सोयच दिलेली नसते. राजारामपुरीतील दुकानदाराशी भांडायला जाण्यापूर्वी हा आकडा पाहावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मात्र १६ जीबीपैकी ७.९ जीबीच वापरात असेल, तर ग्राफिक्सच्या वाट्याने एवढी तफावत सहसा पडत नाही. अशा वेळी रॅमची एक पट्टी स्लॉटमध्ये (पट्टी बसवण्याच्या खाचेत) नीट बसलेली नसण्याची शक्यता प्रथम तपासावी. संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, लॅपटॉप असल्यास बॅटरीही सोडवावी, पट्ट्या काढून संपर्कबिंदू पुसून पुन्हा बसवाव्यात, आणि मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहावी. दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, हे त्यातून कळते. जुन्या मदरबोर्डची किती रॅम चालवायची याची स्वतःची कमाल मर्यादाही असते.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, ते जुन्या संगणकांतील मोठे कारण म्हणजे ३२ बिट विंडोज. ३२ बिटांत ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मावतात आणि त्यातून उपकरणांचा भाग वजा होतो, म्हणून ४ जीबी बसवूनही साधारण ३.२५ ते ३.५ जीबीच हाती लागते. अधिक रॅम विकत घेऊन येथे काहीच साधत नाही. ६४ बिट आवृत्ती नव्याने बसवावी लागते. तसे करण्यापूर्वी हिशेबाच्या डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि कारखान्यातील यंत्राला जोडलेल्या कार्डाचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते विचारून घ्यावे, कारण ३२ बिट ड्रायव्हर आणि १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. आवृत्तीचीही मर्यादा असते: विंडोज ७ होम बेसिक ६४ बिट असली तरी ८ जीबीच्या पुढे जात नाही.

राहिला रॅम साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरचा मुद्दा. हार्डवेअरने राखलेली मेमरी ते सोडवू शकत नाही. ते जी मेमरी ‘मोकळी’ करून दाखवते, ती बहुतांशी विंडोजने नुकत्याच वापरलेल्या फायलींसाठी स्टँडबायमध्ये (तात्पुरत्या राखीव साठ्यात) ठेवलेली असते आणि गरज पडताच चालू प्रोग्रामला दिलीच जाते. ती रिकामी केल्यावर कोरल ड्रॉमधली तीच फाईल पुन्हा उघडताना डिस्कवरून वाचावी लागते आणि काम अधिकच मंदावते.